विल्यम अ‍ॅडम्स घर विसरला नव्हता, त्याचं मृत्युपत्र वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत विल्यम अ‍ॅडम्सवर आलेला लेख वाचला, तोच जपानमधे सामुराई झालेला इंग्रज. लेख चांगला आहे, चित्रं पण मस्त आहेत, पण त्यात एक वाक्य आहे की इंग्लंडमधल्या बायकापोरांना तो पुढे विसरूनच गेला, आणि त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसलोय. कारण ते खरं नाही, आणि खरं काय ते सांगणारा कागद आजही वाचायला मिळतो. त्याचं मृत्युपत्र. एवढ्या पानभर लेखात त्याचा साधा उल्लेखसुद्धा नाही हे मला फार खटकलं.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझी सगळी नोकरी मुंबईत एका शिपिंग ऑफिसच्या क्लेम सेक्शनला गेली. बोटीवर गेलेला माणूस तिकडेच वारला की त्याचा थकलेला पगार, फंड, पेटीतलं सामान हे घरी पोचवायचं, वारस कोण ते ठरवायचं, सह्या घ्यायच्या, हे सगळं आमच्या टेबलावर यायचं. दापोली, गुहागर, श्रीवर्धन, अशा सगळीकडून बायका यायच्या, सोबत एखादा दीर किंवा भाऊ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि लग्नाचा फोटो. कधी कधी दुसऱ्या कुठल्या बंदरातून दुसऱ्याच बाईचं पत्र फाईलला लागलेलं असायचं आणि ते समोर बसलेल्या बाईला कसं सांगायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. त्यामुळे परदेशात मेलेल्या माणसाची गोष्ट आली की माझं लक्ष आधी वाटणीवर जातं, तलवारीबिलवारी नंतर.

आता अ‍ॅडम्सची वाटणी बघा. हा केंट परगण्यातल्या जिलिंगहॅमचा, १५६४ चा जन्म, बारा वर्षांचा असताना लंडनजवळ लाइमहाऊसला जहाजं बांधणाऱ्या निकोलस डिगिन्सकडे उमेदवारीला लागला. १५८९ मधे स्टेपनीच्या सेंट डन्स्टन चर्चमधे मेरी हिन नावाच्या मुलीशी लग्न केलं. १५९८ मधे डच जहाजांच्या ताफ्यावर पायलट म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा खलाशी म्हणून रॉटरडॅमहून निघाला, पाच जहाजं होती, त्यातलं एकटं लीफडे एप्रिल १६०० मधे जपानच्या किनाऱ्याला लागलं आणि तेव्हा त्याच्यावर जेमतेम वीसपंचवीस माणसं जिवंत होती, त्यातलीही बरीचशी उभी राहू शकत नव्हती. पुढचं तुमच्या लेखात आलंय, जपानचा सत्ताधीश इयेयासू याची मर्जी, जहाजं बांधून दिली, हेमी गावची जहागीर, मिउरा अंजिन हे नाव, तिथेच लग्न, जोसेफ आणि सुझाना ही दोन मुलं.

जे आलं नाही ते असं, की चारपाच वर्षांनी त्याने इयेयासूकडे अर्ज केला होता, मला माझ्या गरीब बायकोला आणि मुलांना बघायला जाऊ द्या म्हणून. इयेयासूला ते आवडलं नाही, त्याने परवानगी दिली नाही. अ‍ॅडम्सने मग निदान जहाजाच्या डच कप्तानाला तरी जाऊ द्या अशी विनंती केली आणि ती मात्र मान्य झाली, म्हणजे स्वतः अडकून राहिला आणि दुसऱ्याला वाट काढून दिली. मग १६११ मधे, जावा बेटावर बांटमला इंग्रज आलेत असं कळल्यावर, त्याने एक लांबलचक पत्र लिहिलं, कुणाला तर ज्यांना तो ओळखतही नाही अशा देशबांधवांना, त्यांना 'अनोळखी मित्रांनो' असंच म्हणून. त्या पत्रात तो विनवण्या करतो की कुणीतरी माझ्या बायकोला आणि दोन मुलांना कळवा की मी जिवंत आहे. घर सोडून तेरा वर्षं झालेली, पत्र जाईल की नाही माहीत नाही, आणि तरी माणूस लिहितोय. याला विसरणं म्हणायचं का?

आता इथे मी त्याची बाजू ओढून ताणून घेणार नाही. १६१३ मधे ईस्ट इंडिया कंपनीचं क्लोव्ह जहाज जपानमधल्या हिराडो बंदराला आलं, जॉन सारिस कप्तान, आणि तेव्हा इयेयासूने अ‍ॅडम्सला जायची परवानगी दिली होती. तो गेला नाही. सारिसशी त्याचं अजिबात जमलं नाही हे एक, आणि इतकी वर्षं घालवून रिकाम्या हाताने घरी जायचं नाही असं त्याचं म्हणणं होतं हे दुसरं. आमच्या कोकणातल्या घरांत हे दुसरं कारण नवीन नाही, एक कॉन्ट्रॅक्ट अजून, एक सीझन अजून, घराचा स्लॅब पडू दे मग येतो. पण मला वाटतं तिसरं कारण पण होतंच, हेमीला बायको होती, दोन मुलं होती, त्यांना टाकून जायचं कसं. त्याने १०० पौंड वर्षाच्या पगारावर कंपनीची नोकरी धरली आणि थांबला. लंडनला मेरीला कंपनीने २० पौंड उसने दिलेले होते, कर्जाऊ, नवऱ्याच्या नावावर. त्या बाईने पंधरा वर्षं काय करून घर चालवलं असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त वाईट तिच्याबद्दल वाटतं. अ‍ॅडम्सचा दोष असेल तर तो इथे आहे, १६१३ ला. तो जरूर लिहा. पण न जाणं वेगळं आणि विसरणं वेगळं.

१६ मे १६२० ला तो हिराडोला वारला. मृत्युपत्र शेवटच्या आजारपणातलं, त्याची व्यवस्था बघायची जबाबदारी कंपनीच्या वखारीतल्या रिचर्ड कॉक्स आणि विल्यम ईटन या दोघांवर टाकलेली. मालमत्ता साधारण ५०० पौंडांची, म्हणजे त्याच्या कंपनीच्या पगाराच्या हिशोबाने पाच वर्षांची कमाई. त्याने सरळ दोन भाग केले. अर्धी इंग्लंडमधल्या बायकोला आणि मुलीला, अर्धी जपानमधल्या जोसेफ आणि सुझानाला. बावीस वर्षं ज्या बायकोचं तोंड बघितलं नाही, जी मुलगी समोर आली तर ओळखलीही नसती, त्यांना अर्धा वाटा. आणि ज्या मुलांना रोज अंगाखांद्यावर खेळवलं त्यांनाही अर्धाच.

यातली एक गोष्ट तर मी वाचून थांबलोच. कॉक्सने डिसेंबर १६२० मधे कंपनीला लंडनला जे पत्र पाठवलं त्यात त्याने अ‍ॅडम्सची इच्छा लिहून ठेवलीय, की इंग्लंडचा सगळा हिस्सा एकट्या बायकोच्या हातात देऊ नका, ती दुसरं लग्न करेल आणि सगळं घेऊन जाईल, मुलीला काही उरणार नाही, म्हणून त्या दोघींमधे सारखा वाटा करा. बघा, माणूस मरायला टेकलाय, हजारो मैलांवर, आणि मुलीचा वाटा सावत्र बापाच्या घरात बुडेल या काळजीत आहे. आमच्या सेक्शनला याच कारणावरून नॉमिनी बदलायला येणारे लोक मी पाहिलेत. बायकोवर राग असतो असं नाही, पण लहान पोरीच्या नावावर वेगळं काहीतरी असावं असं वाटतं. मेरीला हे कळलं तेव्हा तिला किती लागलं असेल तेही मला समजतं, बावीस वर्षं थांबली आणि वर हा अविश्वास. पण मुलगी आठवणीत होती हे तर यातून स्पष्ट होतं ना. तिचं नाव डिलिव्हरन्स. १६२४ मधे तिचं लग्न झालं, आईबापाचं झालं त्याच स्टेपनीच्या चर्चमधे.

आणि मृत्युपत्रात ज्या बाईला हिस्सा दिसत नाही ती म्हणजे जपानी बायको. अर्धी मालमत्ता मुलांना, तिला नाही. ओयुकी हे नाव जे सगळीकडे छापलं जातं ते परंपरेने चालत आलेलं. हेमीची जमीन होती, ती इयेयासूचा मुलगा शोगुन हिदेतादाने जोसेफच्या नावावर कायम केली, त्यामुळे ही बाई उघड्यावर पडली नसावी असं मी समजतो. तरी सुद्धा तिचा हिस्सा वेगळा लिहायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे, आणि चारशे वर्षांपूर्वीचा काळ होता म्हणून मी ते मत बदलणार नाही.

तलवारींचं चित्र तुम्ही छापलंत, मग त्यांचं पुढे काय झालं तेही छापायला हवं होतं. अ‍ॅडम्सची तलवारीची जोडी मृत्युपत्राप्रमाणे जोसेफला जायची होती. कॉक्सने ती स्वतः नेऊन दिली आणि रोजच्या डायरीत नोंद केली, की देताना अश्रू आले. कुणाच्या डोळ्यात ते लिहिलेलं नाही. कॉक्स हा हिशोबी माणूस, त्याच्या डायरीत मिरी, कापड, कुणाला काय नजराणा दिला, कुणी किती थकवलं हेच जास्त, आणि मधेच ही एक नोंद. मी स्वतः कितीतरी वेळा मेलेल्या माणसाचं घड्याळ, पाकीट, गळ्यातली चेन असं पाकिटातून काढून यादीवर टिकमार्क करून वारसाच्या हातात दिलंय. ते काम करताना कागदाकडेच बघावं लागतं, समोर बघता येत नाही.

अशा व्यवस्थेत काम नीट करणारा माणूस भेटणं किती महत्वाचं असतं तेही लोकांना कळत नाही. त्या काळी कंपनीचा माणूस पूर्वेला मेला की त्याचे कपडेलत्ते बऱ्याचदा जहाजावर डोलकाठीपाशी लिलावात विकले जायचे, सोबतचेच लोक घ्यायचे, आणि ती रक्कम कंपनीच्या वहीत जमा व्हायची. कंपनी आधी स्वतःचं येणं वळतं करून घ्यायची, खाजगी व्यापार केला असा संशय असला तर तेही काढायची, आणि विधवा लंडनला कंपनीच्या बैठकीसमोर अर्ज घेऊन उभ्या राहायच्या. परदेशात मेलेल्या इंग्रजांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कोर्टात सिद्ध व्हायची, ती दप्तरं आता लंडनला क्यू इथे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, इंटरनेटवर शोधता येतात, आणि अशा घरांच्या कहाण्यांनी भरलेली आहेत. ज्या ईटनवर अ‍ॅडम्सने भरवसा टाकला त्याचाही जपानी बाईपासून मुलगा होता, तो बापाबरोबर इंग्लंडला गेला आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला. कॉक्स मात्र घरी पोचलाच नाही, हिराडोची वखार १६२३ ला बंद झाली आणि परतीच्या वाटेवर १६२४ मधे तो जहाजावर वारला. आणि १६३९ मधे तर जपानने परक्या बापाच्या मुलांना आयांसकट जावा बेटावर डचांच्या बटाव्हियाला धाडून दिलं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर विल्यम हॉकिन्स. १६०८ ला सुरतेला आला, जहांगीरच्या दरबारात राहिला, बादशहाने त्याचं लग्न मरियम नावाच्या आर्मेनियन मुलीशी लावून दिलं. तिला घेऊन परत निघाला आणि वाटेतच मेला. ही मुलगी आग्र्याहून निघालेली, कधी न बघितलेल्या लंडनला विधवा म्हणून उतरली. कंपनीने तिला २०० सोन्याची नाणी दिली, तिने गॅब्रिएल टॉवरसनशी लग्न केलं, १६१७ मधे त्याच्याबरोबर हिंदुस्थानात परत आली आणि तो तिला इथेच ठेवून निघून गेला, पुढे १६२३ ला आताच्या इंडोनेशियातल्या अंबोयना बेटावर डचांनी त्याचा शिरच्छेद केला. हॉकिन्सबद्दल शाळेच्या पुस्तकात एक ओळ असते, मरियमबद्दल अर्धी पण नाही. सुरतेला ऑक्झेंडन भावांची जी मोठी कबर आहे ती बघायला आपले लोक जातात कारण त्यातला जॉर्ज ऑक्झेंडन हा महाराजांनी १६६४ मधे सुरत लुटली तेव्हा तिथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता, आणि याच घराण्यातला हेन्री १६७४ ला रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता. पण ती कबर मुळात जॉर्जने १६५९ मधे वारलेल्या भावासाठी, ख्रिस्तोफरसाठी, बांधली आणि दहा वर्षांनी स्वतः तिथेच गेला हे सांगणारा गाईड मला भेटला नाही. दोन भाऊ केंटहून इतक्या लांब येऊन एकाच छपराखाली पुरलेत, हीसुद्धा इतिहासातलीच गोष्ट आहे.

तेव्हा संपादक साहेब, दोन विनंत्या आहेत. एक, तो विसरून गेला हे वाक्य पुढच्या रविवारी दुरुस्त करावं, छोट्या चौकटीत का होईना. दोन, अ‍ॅडम्सचं मृत्युपत्र आणि त्याबद्दलचं कॉक्सचं पत्र हे दोन्ही मराठीत करून छापावं, फार मोठे मजकूर नाहीत, अर्ध्या पानात बसतील. आणि चित्र टाकायचंच असेल तर यावेळी तलवारीऐवजी स्टेपनीच्या त्या चर्चचं टाका, ते अजून उभं आहे.

आपला,
एक जुना वाचक, चिपळूण