अण्णांच्या पोपटाबद्दल

ठाणे,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अव्या,

तुझं पत्र परवा मिळालं. अण्णांना पोपट हवाय, कुठून आणू, केवढा आणू, असं विचारलंयस. उत्तर आधीच लिहून टाकतो: पोपट आणू नकोस. पण एवढ्यावर पत्र मिटवणं मला जमणार नाही. काकू गेल्यापासून अण्णा त्या घरात दिवसभर एकटे असतात, तू रात्री आठला पोचतोस, आणि त्यांना घरात कुणाचा तरी आवाज हवाय. त्यांचं मागणं खरं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हे पत्र त्यांनाही वाचून दाखव.

अण्णांच्या डोळ्यांपुढे माण तालुक्यातल्या त्यांच्या वाड्यातला पोपट असणार. ओसरीच्या कडीला टांगलेला पिंजरा, त्यात हिरवी मिरची, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘राम राम’. त्या काळी घरोघरी होता तो. आज जो चोरून विकला जातो तो कुठून येतो, हे मात्र त्यांना सांग. कीर आणि करण पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. थंडी सरायला लागली की पिल्लं होतात आणि पकडणारे नेमके तेव्हाच ढोलीत हात घालतात, पंख धड फुटायच्या आत. हात जात नसेल तर ढोलीचं तोंडच फोडतात. मग पुढच्या वर्षी ती ढोली पोपटाच्या कामाची राहत नाही, पिंगळ्याच्या नाही, साळुंकीच्याही नाही. एका पिल्लापायी एक घर कायमचं जातं. टोपल्यांत कोंबून शहरात आणताना कित्येक पिल्लं वाटेतच मरतात. करण पोपट, तो खांद्यावर लाल पट्टा असलेला थोराड, बोलायला चांगला म्हणून त्याच्यावर जास्त डोळा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडचा कुठलाही पोपट पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. संध्याकाळी आमच्या गच्चीवरून कीरांचे थवे येऊरच्या डोंगराकडे जातात, सरळ रेषेत, ओरडत, एकमेकांना धरून. तो पक्षी आयुष्यभर एका दांडीवर एकटा बसवायचा हे मला सहन होत नाही.

आता तू म्हणशील, तुझ्या घरात पिंजरा आहे त्याचं काय? तेही सांगतो, कारण माझ्याकडच्या पक्ष्यांची हकिकत तुला तुकड्या-तुकड्यांनीच ठाऊक आहे.

टिकली आमच्याकडे उडत आली. सोसायटीच्या आवारात कावळ्यांचा गिल्ला चालला होता आणि जिन्याच्या खिडकीच्या गजाला एक फिकट पिवळी, तुरेवाली कॉकटील (छोट्या परदेशी पोपटांची एक जात) चिकटून बसली होती, चोच उघडी, धापा टाकत. कुणाच्या तरी घरातून सुटलेली. ज्या पक्ष्याचा जन्मच पिंजऱ्यात झाला त्याला बाहेर खाणं-पाणी शोधता येत नाही, आणि त्या रंगाचं पाखरू कावळ्यांच्या लगेच नजरेत भरतं. आसपासच्या इमारतींत चिठ्ठ्या लावल्या, पण कुणी आलं नाही. राळू आणि मोहरी ही बजरीगरची, म्हणजे आणखी चिमुकल्या परदेशी पोपटांची, जोडी त्यानंतरची. परदेशी निघालेल्या शेजाऱ्यांनी आणून दिली. कॉकटील आणि बजरीगर, दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानांवरचे. बजरीगर तर १८४० मध्ये जहाजातून इंग्लंडला पोचला आणि तेव्हापासून माणसाच्या घरात त्याच्या पिढ्यांवर पिढ्या होत आल्या आहेत. त्यांना इथल्या आभाळात सोडणं म्हणजे मारणंच. त्यामुळे त्यांना सांभाळायचं, आणि नीट सांभाळायचं, एवढाच मार्ग माझ्यापुढे आहे.

सकाळी साडेसहाला पिंजऱ्यावरची चादर काढतो. टिकली आधी एक पंख आणि त्याच बाजूचा पाय लांब ताणते, मग दुसरी बाजू. मग दोन्ही पंख वर उचलते आणि मगच शीळ घालते. हा क्रम ती चुकवत नाही. तिच्या तुऱ्यावरून तिचं मन कळतं. ताठ उभा म्हणजे दचकली, डोक्याला चपटा चिकटवला की रागावली, नुसता मागे कललेला म्हणजे सगळं ठीक. झोपायच्या आधी ती चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासते, त्याची बारीक करकर दिवा घालवल्यावरही थोडा वेळ येत राहते. हिला माझी सवय झाली असं मी पूर्वी म्हणायचो. आता मला वाटतं, सवय मला लागली. मी तिच्या वेळेला उठतो, तिच्या वेळेला घरातला आवाज कमी करतो.

यातली सगळ्यात मोठी गोष्ट मला फार उशिरा उमगली. दुपारी राळू-मोहरीची अखंड बडबड चालू असते. कधीकधी ती मध्येच तुटते. तिघेही जागच्या जागी थिजतात, अंग बारीक करतात आणि मान कलती करून एक डोळा आभाळाला लावतात. पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, म्हणून वर बघायचं तर असंच बघावं लागतं. पहिल्यांदा मला काही कळेना. मग मीही खिडकीशी जाऊन बघू लागलो. बाहेर बुलबुल ओरडत असायचे, खार शेपटी झटकत टिटकारे देत असायची आणि समोरच्या गुलमोहरात, पानांच्या मागे, शिक्रा हा शिकारी पक्षी बसलेला असायचा. छातीवर तांबूस आडव्या रेघा, लालसर डोळा, हालचाल शून्य. आमचे पक्षी बुलबुलाच्या ओरडण्यावरून सावध होतात की शिक्रा त्यांनाच आधी दिसतो, याचा मी अजून छडा लावतोय. कधी हे आधी गप्प होतात, कधी बुलबुल आधी ओरडतात. घार रोज डोक्यावर घिरट्या घालते, तिच्याकडे त्यांचं आता लक्षही नसतं. पण शिक्रा! ज्यांच्या पूर्वजांनी हा देश पाहिला नाही, त्यांना इथल्या बुलबुलाची भीती समजते. अव्या, या एका गोष्टीनं माझं शहरातलं जगणं बदललं. पूर्वी मी पक्षी बघायला सुटीची वाट बघायचो, येऊरला जायचो, खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जायचो. आता पोखरण रोडवरच्या रिक्षांच्या गोंगाटातही मला ऐकू येतं की शिंपी पक्षी नुसता बोलतोय की मांजराला शिव्या घालतोय. हे मला घरातल्या पक्ष्यांनी शिकवलं.

नुकतीच दिवाळी झाली, तर त्या रात्रींबद्दलही लिहायला हवं, कारण अण्णांनी पक्षी आणायचा तर हे माहीत असूनच आणावा. कॉकटीलला अंधारात दचकायची खोडच असते. रात्री नुसती पाल पडली तरी ती पिंजऱ्यात आंधळी होऊन धडका मारते, पंखांची वाढती पिसं मोडतात, रक्त येतं. लक्ष्मीपूजनाला मी पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत नेला, खिडक्या लावल्या, छोटा दिवा चालू ठेवला आणि पंखा मोठा केला, म्हणजे बाहेरचे बार जरा बोथट होतात. शेजारी बसून राहिलो. एकेका बाराला तिचा तुरा ताठ व्हायचा आणि ती माझ्याकडे बघायची. बाहेर उघड्यावर झोपलेल्या पाखरांचं त्या रात्री काय होत असेल ते माझ्या डोक्यातून जात नाही. पाडव्याच्या सकाळी गुलमोहराखाली एक मेलेली साळुंकी दिसली. फटाक्यानंच मेली असं मी म्हणत नाही, पण सोसायटीच्या सभेत मी आवाजाच्या फटाक्यांविरुद्ध बोललो आणि पुढच्या वर्षीही बोलणार आहे.

आता अण्णांचं. त्यांना दमा आहे, म्हणून माझ्यासारखी कॉकटील त्यांच्यासाठी अजिबात नको. तिच्या अंगावर पिसांची पांढरी पूड असते, हात फिरवला की बोटांना लागते, दोन दिवसांत टीव्हीवर थर साचतो. निरोगी माणसाला चालतं, दमेकऱ्याला नाही. याच कारणानं त्यांनी कबुतरांनाही दाणे टाकू नयेत. इथे दादरचा कबुतरखाना ऑगस्टमध्ये ताडपत्री टाकून बंद केला, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते तू वाचलं असशील. लोकांच्या श्रद्धेला मी हसत नाही, दाणे टाकणाऱ्या हाताच्या मनात दयाच असते. पण सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं कायमची कडक होऊ शकतात. शिवाय फुकटच्या दाण्यांवर कबुतरं बेसुमार वाढतात.

कावळ्यांचं मात्र चालू राहू दे. काकूंच्या दिवसांपासून अण्णा रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर पोळीचा तुकडा ठेवतात असं तू लिहिलंस, ते वाचून मी थोडा वेळ तसाच बसलो होतो. त्यांना सांग, कावळा माणसाचा चेहरा ओळखतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मुखवटे घालून हे तपासलं. ज्या मुखवट्यानं कावळ्यांना पकडलं होतं तो दिसला की ते वर्षानुवर्षं कल्ला करत राहिले. तिथला कावळा वेगळ्या जातीचा, पण आपला काही कमी हुशार नाही. अण्णांना म्हणावं, रोज त्याच वेळी, त्याच जागी, तोच सदरा नसला तरी चालेल, पण तोच माणूस हवा. तुकडा अगदी लहान ठेवा, शेजारी मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, पाणी रोज बदला, आणि ठेवून आत न जाता खुर्ची टाकून बसा. त्यातला एखादा तुकडा पाण्यात बुडवून खाणारा असेल, एखादा दोन तुकडे चोचीत कोंबून नेणारा. वैशाखात ते काड्या आणि तारा गोळा करायला लागतील. घरटं झाडाच्या शेंड्याला की पूर्वेच्या फांदीवर, त्यावरून पावसाचा अंदाज बांधणारी माणसं अण्णांनी माणात पाहिलेली आहेत, स्वतःही बांधला असेल. त्यांना वहीत लिहायला सांग. पुढे त्या घरट्यातून कोकिळेचं पिल्लू बाहेर आलं तर मला फोन करायला सांग, रात्री-अपरात्री चालेल.

सध्या राज्यभर पक्षी सप्ताह चालू आहे. ५ नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. तेवढे दिवस धरून तो २०२० पासून साजरा होतो. चितमपल्ली यंदा एप्रिलमध्ये पद्मश्री घेऊन आले आणि जूनमध्ये गेले, त्यांच्या सोलापुरात. कावळे जिथे मिळून वस्ती करतात त्या जागेला त्यांनी ‘काकागार’ म्हटलं. अण्णांना हा शब्द आवडेल. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी संध्याकाळी कावळे कुठे जमतात ते शोधायला सांग त्यांना. पायही मोकळे होतील.

एवढं करूनही घरात आवाज हवाच, हातांना काम हवंच असं त्यांना वाटलं, तर बजरीगरची जोडी. एकटा नको, जोडीच. यांची पूड कॉकटीलपेक्षा पुष्कळ कमी, तरी आधी अण्णांच्या डॉक्टरांना विचार, आणि ते हो म्हणाले तरी पिंजरा झोपायच्या खोलीत नको, हवेशीर व्हरांड्यात. विकत घेण्याआधी कुणी देतंय का बघ. हौस फिटलेली घरं खूप असतात. पिंजरा उंच आणि गोल घेऊ नकोस, लांबट घे, कारण पक्षी आडवा उडतो. गज अर्ध्या इंचापेक्षा लांब-लांब असतील तर डोकं अडकतं. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या लाव, पायांना बरं पडतं. खायला राळे आणि बाजरी, शिवाय मोड आलेले मूग, कोथिंबीर, शेवग्याचा पाला. सूर्यफुलाच्या बिया आवडीनं खातील, पण फार दिल्या तर चरबीनं यकृत जातं. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो गजाला बांधून ठेव, अंड्यावर येणाऱ्या मादीला त्यातला चुना लागतो. चोचीच्या वरची मेणासारखी पट्टी मोठेपणी नराची निळी असते, मादीची तपकिरी, त्यावरून जोडी ओळखता येईल. आणि स्वयंपाकघरातला न चिकटणारा तवा काढून टाक. तो रिकामा तापला तर त्याचा वास आपल्याला कळतही नाही, पाखरू मात्र काही मिनिटांत मरतं. आमच्याकडे बिडाचा तवा आहे, डोसे उत्तम सुटतात. उदबत्ती, डासांची कॉइल, धुरी हेही पिंजऱ्यापासून लांब. तसंही अण्णांच्या दम्याला धूर नकोच.

पोपटासारखे ते ‘राम राम’ म्हणतील याची खात्री मी देत नाही. बजरीगरचा नर कधीकधी शब्द उचलतो, पुष्कळसे उचलत नाहीत. आमचा राळू फक्त कुकरच्या शिट्टीची नक्कल करतो. पण दिवसभर त्यांची एकमेकांशी चाललेली किलबिल घर भरून टाकते, आणि अण्णा बोलतील तेव्हा ते मान वळवून ऐकतील, एवढं नक्की.

मी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याला येतोय. टिकलीची सोय शेजारच्या काकूंकडे होते, त्यांना तिचं सगळं ठाऊक आहे. तेव्हा अण्णांना घेऊन एक दिवस मायणीच्या तलावावर जाऊ, त्यांच्या माणाच्या बाजूलाच पडतं. तोवर घाई करून काहीच आणू नकोस. व्हरांड्याची लांबी-रुंदी आणि तिथे ऊन कुठल्या वेळी येतं ते मोजून कळव, आणि अण्णांना विचार, कठड्यावर येणाऱ्या कावळ्यांत लंगडा, पीस मोडलेला, असा ओळखू येईल असा कुणी आहे का.

तुझा,
दिग्या