विषय: हॅम रेडिओ सेट दाखवतो मोड ए, चालवतो मोड बी. चौथी लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी सव्वाअकराला माझं वाक्य अर्धं असताना तुमच्या माणसाने फोन ठेवला. तुमच्या पुण्याच्या कार्यालयात मराठी वाचली जाते, म्हणून मराठीत लिहितो. हिंदीत आणि इंग्रजीत सांगून झालं आहे.

दोष असा. नवीन फर्मवेअर (सेटमधली आज्ञावली) घातल्यापासून सेट बंद करून पुन्हा चालू केला की कीयर, म्हणजे पॅडल दाबल्यावर मोर्सची चिन्हं बनवणारा भाग, मोड बीमध्ये जातो. मेन्यूत मात्र मोड ए असंच दिसतं. मेन्यूत जाऊन बी करायचं, परत ए करायचं, मग कीयर ताळ्यावर येतो. सेट बंद केला की पुन्हा तेच. म्हणजे सेटिंग मेमरीत राहतं, पण सेट सुरू होताना ते कीयरपर्यंत पोहोचत नाही. जुन्या फर्मवेअरवर सात महिन्यांत हे एकदाही झालं नव्हतं.

दोन्ही मोडमधला फरक मी तुम्हाला सांगायला नको, सेट तुमचा आहे. पण तुमच्या तीन माणसांना तो सांगावा लागला, म्हणून इथेही लिहितो. दोन्ही पॅडल, म्हणजे बोटांनी दाबायच्या दोन पट्ट्या, एकदम दाबली की डिट (छोटा सूर) आणि डाह (लांब सूर) आळीपाळीने येत राहतात. बोटं उचलली की मोड ए चालू असलेलं चिन्ह पुरं करून थांबतो. मोड बी त्यापुढे आणखी एक उलटं चिन्ह लावतो. माझा हात १९८६पासून मोड एवर बसलेला आहे. मी 'के' देतो, डाह-डिट-डाह. शेवटच्या डाहवर बोटं सुटतात आणि तुमचा सेट मागे एक डिट चिकटवून त्याचा 'सी' करतो. 'एन'चा 'के' होतो, 'ए'चा 'आर' होतो. सीक्यू, म्हणजे 'कुणीही उत्तर द्या' अशी हाक, देऊन शेवटी 'के' द्यायचा म्हणजे समोरच्याला 'आता तुम्ही बोला' सांगायचं. समोरच्याला 'सी' ऐकू येतो आणि तो माझ्या पुढच्या अक्षराची वाट बघत बसतो. चाळीस मीटरच्या रेडिओ पट्ट्यावर गेले दोन महिने माझी ही अवस्था आहे. एका जुन्या मित्राने तर विचारलं, तब्येत बरी आहे ना, हात थरथरतो का. मला ते फार लागलं.

हात थरथरत नाही. मी बडोद्याच्या रेल्वेत तारबाबू होतो. ऐन गाड्यांच्या वेळेत तारयंत्राच्या त्या कडकट्टवर निरोप घेतले आणि दिले आहेत. हॅम रेडिओचा परवाना १९७८च्या नियमांखाली मोर्सची परीक्षा देऊन मिळवला आहे. तरीही स्वतःवर विश्वास न ठेवता चाचणी घेतली. ब्रेक-इन बंद केलं, म्हणजे हवेत काही जात नाही, नुसता साइडटोन (आपली चिन्हं आपल्याला ऐकवणारा सूर) ठेवला, वेग मिनिटाला ५ शब्दांवर आणला. या वेगाला डिट २४० मिलिसेकंदांचा आणि डाह ७२० मिलिसेकंदांचा. डाह वाजत असताना दोन्ही पॅडल सोडायला नवशिक्यालाही भरपूर वेळ मिळतो. २० वेळा केलं. विसाच्या वीस वेळा मागून डिट आला. मेन्यूतून बी आणि परत ए केलं, पुन्हा २० वेळा केलं, एकदाही आला नाही. मग तेच पॅडल माझ्या घरी बनवलेल्या जुन्या कीयरला लावलं. तोही बरोबर चालला. पॅडल चांगलं, हात चांगला.

हे सगळं लिहून, कागद खोक्यात वर ठेवून, सेट तुमच्या सेवा केंद्रात पाठवला. सोबत मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की तपासताना पॅडल जोडावं लागेल. पॅडल जोडायच्या भोकावर, म्हणजे की जॅकवर, धूळ जाऊ नये म्हणून मी कागदी चिकटपट्टी लावतो. अठरा दिवसांनी सेट परत आला. जॉबशीटवर 'ऑडिओ ओके, ट्रान्समिट ओके, दोष आढळला नाही'. आणि जॅकवर माझीच चिकटपट्टी, माझ्याच अक्षरातल्या तारखेसकट, जशीच्या तशी. मोर्सची तक्रार तुम्ही पॅडल न जोडता तपासलीत! जाण्यायेण्याचं कुरियर माझ्याच खिशातून गेलं.

आता आजचा फोन. पंचवीस मिनिटं गाणं ऐकलं, मग एक मुलगा आला. मी म्हटलं, इलेक्ट्रॉनिक कीयर. तो म्हणाला, कीपॅड? मी म्हटलं, कीयर, मोर्सचा. तो म्हणाला, माइक लावून तपासा. मी म्हटलं, माइकवर सेट उत्तम आहे, दोष मोर्समध्ये आहे. त्याने थांबायला सांगितलं, पण फोन नीट बंद केला नाही. त्याने कुणाला तरी विचारलेलं मला ऐकू आलं आणि पाठोपाठ दोघांचं हसणंही ऐकू आलं. परत आला आणि म्हणाला, "अंकल, तार तो सरकार ने भी बंद कर दी. आजकल मोर्स कौन करता है? आप माइक पे बात किया कीजिए." मी सांगायला लागलो की, बाळा, तुमच्याच सेटवर... आणि फोन बंद.

ते वाक्य इथे पुरं करतो. सरकारने तार जुलै २०१३मध्ये बंद केली, हे मला त्याने सांगायची गरज नाही. पण तुमच्याच सेटवर कीच्या वेगाची खुंटी आहे, मागे की जॅक आहे, माहितीपुस्तिकेत कीयरचं वेगळं प्रकरण आहे. मोर्स कुणी करत नसेल तर त्याचे पैसे कशाचे घेतलेत? मी दांडिया बाजारात राहतो. घराला घर लागून आहे, गच्चीवर एरियलची एक तार ताणायला कशीबशी जागा मिळाली आणि आजूबाजूच्या चार्जर-एलईडींचा गोंगाट सेटवर रात्रभर असतो. १० वॅटवर माझा आवाज त्यात बुडतो. मोर्सला ५०० हर्ट्झची फट पुरते, बोलण्याला त्याच्या चार-पाचपट लागते, म्हणून मोर्स लांब जातो. मला माइकवर बोला म्हणणं म्हणजे बोलू नका म्हणणं आहे. हसलेल्या दोघांना हे कुणीतरी समजावून सांगा.

तुमचा पहिला सेट मी नोकरीत असताना हप्त्यांनी घेतला होता, तो अजून चालतो. त्याच भरवशावर हा घेतला. तो भरवसा आता उरला नाही.

पंधरा दिवसांत दुरुस्त फर्मवेअर द्या, नाहीतर जुनं परत घालून द्या, आणि कुरियरचे पैसे परत करा. 'जुन्यावर जाता येत नाही' हे उत्तर मला दोनदा मिळालं आहे. ते मी तिसऱ्यांदा घेणार नाही. सोळाव्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि जॉबशीट व चिकटपट्टीचा फोटो घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आणि पुन्हा सांगतो, मला अंकल म्हणून हसलेलं चालणार नाही. तुमच्याकडे ज्याला मोर्स येतो त्याने फोन करावा. पॅडल जोडून ठेवलं आहे. त्याला फोनवरच साइडटोन ऐकवतो, दोन मिनिटं लागतील.

आपला ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे

सोबत: बिलाची आणि जॉबशीटची प्रत, आधीच्या तीन पत्रांच्या प्रती, की जॅकचा फोटो