अप्पा आहेत ना घरी

नौपाडा, ठाणे
16 नोव्हेंबर 2025

प्रिय सुध्या,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. जायचे ते अप्पा जूनमध्ये गेले. तेव्हा तू भर पावसात रत्नागिरीहून येऊन गेलास आणि त्यानंतर मी तुला धड एक फोन केला नाही. तुझे आले ते उचलून ‘गाडीत आहे, मग करतो’ म्हणत राहिलो. ठाणे ते ऐरोली माणूस गाडीत असतो तरी किती वेळ? तुला कळलंच असणार. तोंडी सांगायला गेलो तर तू दुसऱ्या वाक्याला मधे घुसतोस, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, मग काय त्या शिव्या घाल.

तब्येती ठीक. माझी शुगर जिथे होती तिथेच आहे, वैशालीच्या खांद्याचं फिजिओ चालू आहे. गार्गी पुण्यात मजेत आहे, म्हणजे पैसे संपले की फोन करते. यंदा घरात दिवाळी नव्हती, पण सोसायटीने इतका फराळ आणून दिला की चकल्या अजून संपत नाहीत.

आता मुद्दा. दिवाळीच्या आधी बंड्याचा फोन आला. त्याला पुन्हा खाज सुटली आहे. गडकरी रंगायतन ऑगस्टमध्ये नवं होऊन उघडलं ना, ते बघून आला आणि तेव्हापासून त्याच्या अंगात आलंय. (रंगायतन 1978 चं. आपल्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, आणि त्याची डागडुजी आपल्या आधी झाली!) जानेवारीत एक छोटा प्रयोग करायचा, जमलं तर पुढच्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं, असा त्याचा बेत. मला म्हणाला, ‘सातला तालीम, नऊला मोकळा. येतोस ना?’

आणि मी म्हणालो, ‘संध्याकाळचं अवघड आहे रे. अप्पांना साडेसातला भरवावं लागतं.’

सुध्या, ऑक्टोबर महिना होता.

पलीकडे बंड्या गप्प. जवाहरबागेच्या स्मशानात अप्पांना खांदा दिला त्याने, आणि त्याला मी हे सांगतोय. वैशाली मेथी निवडत होती, ती हातातली काडी तशीच धरून माझ्याकडे बघायला लागली. बंड्या ‘बरं, बघ’ एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मग रात्री वैशालीला वेगळा फोन करून ‘याला कुणाला तरी दाखवून घ्या वहिनी’ म्हणाला. बंड्या सांगतो हे! चालू प्रयोगात विंगेत घोरणारा माणूस.

सगळ्यांनी माझी दया केली. ताई म्हणाली, होतं असं, आई गेल्यावर मीही वर्षभर तिचा चहा टाकायचे. वैशालीने त्या दिवशी मुगाची खिचडी केली, म्हणजे प्रकरण गंभीर. कोणाला वाटलं दुःख, कोणाला वाटलं सवय. मीही मान हलवली. पण तुला सांगतो, दुःखात माणूस अडखळतो. मी अडखळलो नाही. मला तालमीला जायचं नव्हतं आणि तोंडाने जे कारण हाताशी होतं ते काढून दिलं, इतकं सराईतपणे की कारणाचा मालक आता नाही हेही त्याला आठवलं नाही.

आता तुला कळलं असेल हे पत्र तुलाच का. तलावपाळीचा तो कठडा, 2018. मी बंगळुरूची बदली नाकारून आलो होतो आणि तुझ्याकडून शाबासकीची अपेक्षा करत होतो. तू शेंगदाणे खात म्हणालास, ‘तुला जायचंच नव्हतं. अप्पा निमित्त.’ मी पुडी हिसकावून तळ्यात टाकली. पुढे किती महिने बोललो नाही ते तूच मोज, तुझ्याकडे असल्या नोंदी पक्क्या असतात.

लगेच कॉलर ताठ करू नकोस. तू बरोबर होतास असं मी म्हणत नाहीये. त्या वाक्याचा राग मला अजून आहे. तू रोज दुकान बंद करून कळव्याला घरी जायचास आणि तुझे बाबा ठणठणीत, सकाळी तुझ्याआधी पेपर वाचून मोकळे. 2015 साली अप्पांची डावी बाजू गेली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून, बिनलिफ्टच्या जिन्याने, खुर्चीत बसवून त्यांना खाली आणणाऱ्या चौघांत तूही होतास, हे खरं. पण त्यानंतर रोज कोण होतं? नोटाबंदीत नर्सिंग ब्युरोचा माणूस रोख पगाराशिवाय यायला तयार नव्हता, तेव्हा गल्ल्यातल्या शंभराच्या नोटा आणून दिल्यास, हेही विसरलेलो नाही. पण रोजचं वेगळं असतं. अप्पा घास डाव्या गालात साठवून ठेवायचे. गिळला असं वाटायचं आणि झोपल्यावर ठसका लागायचा. म्हणून जेवण झालं की बोट घालून गाल साफ करायचा, आणि त्या वेळी ते चावायचे. मुद्दाम. चावून झालं की उजव्या बाजूने हसायचे. हे सगळं निमित्त?

पण मग दुसरी बाजू सुरू होते आणि रात्री झोप लागत नाही.

अप्पा नऊला झोपायचे. ब्युरोचा रामदास रात्रपाळीला असायचा, माझ्यापेक्षा बरा सांभाळायचा. घरापासून रंगायतन चालत दहा मिनिटं. 2019 मध्ये बंड्याचा प्रयोग होता, मला पहिल्या रांगेतला पास आला होता. अप्पांनाही माहीत होतं. जीभ जड झाली होती तरी ते स्वच्छ म्हणाले, ‘जा की. नाटक बघ.’ मी म्हटलं, नको, तुम्हाला सोडून कुठे. त्यांनी डोळे मिटले. आणि मी काय केलं? गॅलरीत बसून दोन तास फोनवर लोकांचे क्रिकेटचे वाद वाचले. दुसऱ्या दिवशी बंड्याला सांगितलं, अप्पांना बरं नव्हतं.

अजून ऐक. लॉकडाऊनमध्ये रामदासला येता येईना. त्यांचं अंघोळीपासून दाढीपर्यंत सगळं मी करायचो. त्यांना फोम चालायचा नाही, ब्रश आणि साबणच. डावा गाल ताणून धरायला लागायचा, नाहीतर कातडी ब्लेडबरोबर यायची. उजवी बाजू स्वतः फुगवून द्यायचे, ऐटीत. सगळं जग रडत होतं आणि मी, कुठे बोलू नकोस, बरा होतो. कोणी विचारतच नव्हतं की तू बाहेर का पडत नाहीस. ऑगस्ट 2021 मध्ये दोन डोसवाल्यांना लोकल उघडली, ऑफिसातले लोक पेढे वाटायच्या बेतात, आणि मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. हे अप्पांच्या काळजीने झालं असं मी तेव्हा वैशालीला सांगितलं होतं.

तर हा माझा दहा वर्षांचा जमाखर्च. लोकांची दहा वर्षं बघ. बंड्याने घोडबंदरला घर घेतलं, मेट्रोच्या खांबांना शिव्या घालत त्यांच्या खालून रोज आला-गेला, सप्टेंबरात ट्रायलची गाडी वरून गेली तेव्हा गच्चीतून व्हिडिओ काढून सगळ्यांना पाठवला. तू दुकान विकून गावाला गेलास. मी ज्याला फाइल कशी लावायची ते शिकवलं तो पोरगा बंगळुरूला जाऊन माझा साहेब होऊन परत आला, आणि बिचारा मला ‘सर’ म्हणतो. माझ्या बाबतीत बदललं काय, तर नऊ-दहा नंबरवरून गाडी पकडायची आणि ऐरोलीला उतरायचं, त्यात गेल्या जानेवारीआधीच्या जानेवारीत दिघा गाव झालं. प्रवासात एक स्टेशन वाढलं. बाकी डबासुद्धा तोच.

आणि गंमत म्हणजे या दहा वर्षांत मला कोणी ‘कसा आहेस’ विचारलं की मी ‘अप्पा बरे आहेत’ सांगायचो. परवा लिफ्टवाल्या बिल्डिंगमधले देशपांडे भेटले, कसे आहात म्हणाले. मी तोंड उघडलं आणि बंद केलं. ते गेले निघून.

भाड्याचा पलंग परत दिला, डिपॉझिट मिळालं. व्हीलचेअर ताईच्या ओळखीत गेली. डायपरची दोन न उघडलेली पाकिटं उरली होती, ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली तर पहिल्या मजल्यावरून ताबडतोब मागणी. तळमजल्याचे उशीर झाला म्हणून हळहळले. आपल्या वयाच्या प्रत्येक घरात कोणीतरी पलंगावर आहे रे. आणि त्या प्रत्येक घरातून कोणीतरी कशाला तरी नाही म्हणतोय. त्यातलं खरं किती आणि माझ्यासारखं किती, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर पुडी तळ्यात.

वैशालीला हे सगळं सांगितलं नाही. तिने त्या दहा वर्षांत अप्पांसाठी शाळेतली पर्मनंट नोकरी सोडून शिकवण्या धरल्या. तिच्यासमोर बसून ‘मला बहुतेक ते सोयीचं होतं’ असं कसं म्हणू? तिला तर ते सोयीचं नव्हतं. हा विचार आला की बाकीचे सगळे विचार किरकोळ वाटतात, आणि तो मी जास्त वेळ करत नाही. तू मात्र यावर काहीतरी बोल. शेंगदाणे न खाता.

तुझं काय? कौलं बसवलीस का? ओंकारचं बारावीचं वर्ष, त्याच्या मागे लागू नकोस, तू बारावीला किती दिवे लावलेस ते मला माहीत आहे. वहिनींच्या कोकमाच्या ऑर्डरी वाढल्या असं ताई म्हणाली. ताई तुझी नेहमी चौकशी करते. भाऊ म्हणून, उगाच हुरळू नकोस.

बंड्याला मी परत फोन केला. त्याने अप्पांचा विषय काढला नाही, मीही नाही. पोस्टमनची भूमिका आहे, दोन प्रवेश, पहिल्यात नुसती तार द्यायची. एवढ्या मोठ्या नटाला हा रोल! येत्या रविवारी सातला शाळेच्या हॉलमध्ये वाचन आहे. येतो म्हणालोय. गेलो की नाही ते मला विचारू नकोस, वैशालीला विचार.

तुझा,
नंदू

ता. क. रंगायतनच्या त्या प्रयोगाचे सेटच्या भाड्याचे चारशे रुपये अजून तुझ्याकडे आहेत. व्याज नको, मे महिन्यात पेटी पाठव. रायवळ चालणार नाही.