मोराग व्याली!

फोर्ट विल्यमजवळ, स्कॉटलंड
१७ मार्च

प्रिय सुनंदा,

मोराग व्याली! आमची हायलँड जातीची गाय. काल पहाटे, भर पावसात, उघड्या कुरणात. कालवड झाली. तांबूस रंगाची, कपाळावर आत्तापासूनच झिपऱ्या. मी भिंतीच्या अलीकडेच उभी होते. मोराग एरवी माझ्या हातून चारा खाते, पण वासरू झाल्यावर पहिले काही दिवस तिच्याजवळ जायचं नाही, हा सासऱ्यांचा नियम. हातभर लांबीची शिंगं आहेत बाई. वासरू धडपडत उठलं, दोनदा आपटलं, मग कासेपाशी पोचलं. नंतर वारही पडली. थेंबभर चीक काढला नाही, तेव्हा खरवसाचं विचारू नकोस. इथे आधी लोक घरापुरतं दूध काढायचे म्हणे, आता सगळं वासराचं.

"गोठ्यात का घेतली नाहीस?" असं तू विचारणारच. लग्न होऊन आले त्या पहिल्या हिवाळ्यात मीही ह्यावरून सासऱ्यांशी भांडले होते. सकाळी बघते तर गाईच्या पाठीवर चार बोटं बर्फ, आणि तो वितळलेला नाही. मला वाटलं, गाय गारठून गेली. सासऱ्यांनी माझा हातमोजा काढायला लावला आणि म्हणाले, घाल हात केसांत. वरचे केस फूटभर लांब, तेलकट. पाणी वळचणीवरून गळावं तसं त्यांच्यावरून गळून जातं. त्याखाली मऊ, दाट लव. बोटं कातडीला टेकली आणि काय ऊब होती म्हणून सांगू! बर्फ वितळत नव्हता, कारण अंगातली ऊब बाहेर येतच नव्हती. त्या दिवसापासून मी गोठ्याचं नाव काढलेलं नाही. वाऱ्याला आडोसा म्हणून दगडी भिंत आणि चार झाडं, एवढं त्यांना पुरतं. ह्यांच्या कळपाला इथे 'फोल्ड' म्हणतात, तेही अशा दगडी आडोशांवरूनच. त्रास होतो तो उन्हाचा. तुझ्या खिलारीला माणदेशचं ऊन मानवतं, ह्यांना जरा ऊन तापलं की ओढ्यात जाऊन उभ्या राहतात.

आमच्या सात गाई आहेत. जमीन बारा एकर, तीही निम्मी दगडाची, आणि डोंगरावरच्या सामाईक कुरणात हिस्सा. ह्याला क्रॉफ्ट म्हणतात. पूर्वी जमीनदार मनात येईल तेव्हा कुळांना हुसकावून लावायचे. १८८६ च्या कायद्यानं ते थांबलं. आपला कूळकायदा आठव म्हणजे समजेल, सासरे त्या कायद्याचं नाव अजून इतक्या आदरानं का घेतात ते.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली, ती तुला सांगायलाच हवी. दोन वर्षांपूर्वी गवत कमी पडलं म्हणून मी खालच्या पाणथळ तुकड्याचं कुंपण उघडलं. तिथल्या चिखलात बारक्या गोगलगाई असतात, लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतात शिरणारे चपटे जंत, त्यांच्यातूनच गवतावर येतात. हिवाळ्यात एक म्हातारी गाय खंगत गेली. केस एवढे लांब, की फासळ्या दिसल्याच नाहीत. जबड्याखाली पाणी साठून सूज आली तेव्हा कुठे डॉक्टरांना बोलावलं. वाचली, पण त्यानंतर गाभण राहिली नाही. आता मी दर पंधरवड्याला केसांत हात घालून बरगड्या चाचपते, शेण तपासायला पाठवते. तूही पावसाळ्यात नदीकाठचं गवत देताना जपून.

खोंडांचं काय करता, असं तू मागच्या पत्रात विचारलंस. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. कालवडी ठेवतो किंवा ओबानच्या बाजारात विकतो. खोंड खच्ची करून अडीच-तीन वर्षं वाढवतो आणि मग ते मांसासाठी जातात. दुसऱ्या जाती त्याआधीच तयार होतात, ह्या सावकाश वाढतात. म्हणून घाई असलेला माणूस ह्यांच्या वाटेला जात नाही. पहिला खोंड गाडीत चढवला त्या दिवशी मी जेवले नाही. माझ्या नवऱ्यानं, इयननं, समजावलं नाही, नुसता शेजारी बसून राहिला. मी मांस अजूनही खात नाही. पण तीन वर्षं तो डोंगरावर मोकळा हिंडला, ह्याची मी साक्षीदार आहे. हे काम सोडावं असं मला वाटलेलं नाही.

वीस दिवसांच्या आत वासराच्या दोन्ही कानांत बिल्ले मारायचे, मग त्याचा पासपोर्ट येईल. हो, इथे गुरांना पासपोर्ट असतो. जन्म, आई, कुठून कुठे गेलं, सगळी नोंद. नाव मी ठेवायचं ठरलंय आणि मी 'सुनंदा' सांगितलंय. सासऱ्यांना 'सुनंडा' म्हणता येतं, तेवढं चालवून घे.

पाऊस थांबलाय, पेंढ्या टाकायला जाते. तुझी कपिली कधी व्यायची आहे? कास भरली का, ते लगेच कळव. काकूंना नमस्कार.

तुझी,
शैला