वराहखाद्यातील ‘हर्बल’ पावडरी

महोदय,

वराहपालकांना सध्या ‘हर्बल’ खाद्यपूरकांचा फार आग्रह होतो. मूळ गरज खरी आहे. दूध तोडल्यावर पिल्लांचे खाणे एकदम बदलते, आतड्याचे अस्तर झिजते, ई. कोलाय या जंतूचे फावते आणि हगवण लागते. यावर, आणि वाढ लवकर व्हावी म्हणूनही, सर्रास खाद्यातच प्रतिजैविके मिसळली गेली. वाढीसाठीचा असा वापर युरोपीय संघाने २००६ पासून बंद केला. आपल्याकडे २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली, ती योग्यच.

ओव्यातला थायमॉल, ओरेगॅनोतला कार्व्हाक्रॉल हे वनस्पतीतले घटक प्रयोगशाळेत जंतूंना रोखतात. शेडमधले निकाल मात्र एकसारखे येत नाहीत. थायमॉल पचनमार्गाच्या सुरुवातीलाच बराचसा शोषला जातो, म्हणून तो पुढे आतड्यापर्यंत पोचावा यासाठी काही उत्पादनांत स्निग्ध आवरणात देतात. नुसता ओवा दळून टाकला की झाले, असे नाही. शिवाय वास उग्र झाला तर पिल्ले खाद्याला तोंडही लावत नाहीत (डुकराला काहीही चालते, हा शहरी समज!).

मी घेतलेल्या पाकिटावर ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवते’ एवढेच ठळक होते. कोणता घटक किती टक्के, किलोभर खाद्याला किती ग्रॅम, याचा पत्ता नाही. हे छापणे सरकारने सक्तीचे करावे. आणि आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगावर उपाय म्हणून अशा पावडरी खपवणाऱ्यांना आधी रोखावे. त्या रोगावर औषध नाही. उष्टे अन्न टाळणे, निदान नीट उकळून देणे आणि बाहेरच्यांना शेडमध्ये न घेणे, एवढेच हाती आहे.

– एक वराहपालक, सिंधुदुर्ग