तिळ्याचा पाय आणि तुमचा अबोला

ओतूर, गुरुवार

चि. मनू, अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिळ्याचा, त्या उंदरासारख्या जर्बिलचा, फोटो पाहिला. मागचा उजवा पाय पार वरून काढला, हे उत्तम. अर्धा खुंट ठेवला असता तर घासून चिघळला असता, आणि कुरतडणारी जात ही, स्वतःचाच खुंट खायला मागेपुढे पाहत नाही. टाकेही आतून घेतलेत. लीड्सच्या तुझ्या डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे. ऑपरेशनआधी उपाशी ठेवायला सांगितलं नाही म्हणून तू घाबरली होतीस. बरोबरच होतं ते, या जातीला उलटी होतच नाही. मी जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो, पण सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या जिवाला भूल दिलेली कधी पाहिली नाही.

दादाला मी काही बोललेलो नाही. तोही काही बोलला नाही.

आता ऐक. जखम भरेपर्यंत वाळूची अंघोळ बंद. भुसा नको, कण जखमेत जातात. कागदाचे कपटे घाल, तेही पातळ. एरवी जर्बिलला बीळ खणायला वीतभर खोल थर लागतो हे तूच मला शिकवलंस, पण आत्ता खणायला लागला तर जखम उलेल. पिंजऱ्यातलं पळायचं चक्र फेकलंस, तशी वरची माडीही काढ. पाण्याची बाटली खाली आण, त्याला आता उभं राहून पिता येणार नाही. दुखण्याचं औषध ठरल्या वेळीच, बरा दिसतोय म्हणून मध्येच सोडायचं नाही. ही जनावरं दुखणं लपवतात. पाठीला पोक काढून, केस फुलवून, डोळे अर्धे मिटून बसला की दुखतंय समज. खाणं सोडलं तर सकाळची वाट बघू नकोस. आणि शेपटीला धरायचं नाही, कातडी सोलून हातात येते.

हे सगळं तुला तिथे छापून दिलंच असेल. रिटायर झालेल्या ड्रेसरला कुणीतरी पेशंट लागतो, राग मानू नकोस.

त्याच्या भावाला, गुळ्याला, जाळीपलीकडे ठेवलंयस ना? पिंजरा एकच, मध्ये जाळी, आणि रोज दोघांच्या जागा बदलायच्या, म्हणजे वास ओळखीचा राहतो. वास विसरले की एका वेताचे भाऊसुद्धा जीव घेईपर्यंत भांडतात. डॉक्टरांनी हो म्हटलं की दोघांना एकत्र करायला फार लांबवू नकोस. तुझं आणि दादाचं... जाऊ दे. आज तो विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलो होतो.

एक गोष्ट मात्र छापील कागदावर नसेल. कान खाजवायला मागचा पाय लागतो. उजव्या कानाला खाज सुटली की तो नसलेला पाय हलवत राहील. तिथे तू बोटाने खाजव. डोळ्याच्या कडेला लालसर चिकटा दिसला तर ओल्या कापसाने टिपून घे.

चंपी शेळीही नसलेला पाय तसाच हलवायची, आठवतं? जीपखाली पाय गेला तेव्हा तू पहिलीत होतीस. मालक म्हणाला, तीन पायांची शेळी खाटकालाच जायची. दादा शाळेतून आला आणि तिच्या गळ्याला जी मिठी मारली ती सोडीचना. अख्खा पावसाळा त्याने तिला उंबऱ्यावरून उचलून आत-बाहेर नेलं. कान खाजवायचं काम तुझं. पुढे जुळी करडं झाली तिला, एकाचं नाव दादाने मनी ठेवलं आणि तू रडून घर डोक्यावर घेतलंस.

तोच दादा "उंदराच्या पायावर माझे दोन हप्ते गेले असते" म्हणाला, ते लागणारच. पण चाकणला त्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत. त्याने तुला सांगितलं नसणार. मी सांगितलं असंही म्हणू नकोस. सध्या त्याला कुठलीही गोष्ट हप्त्यातच मोजता येते. तू फोन ठेवलास तेही समजलं. मी कुणाचीच बाजू घेत नाही, थोडी तुझी घेतो. पण आम्ही आहोत तोवर इकडचं तिकडे कळवू, पुढे कोण कळवणार? घे, पुन्हा तेच आलं.

आई गल्लीत सांगते, "आमची लेक गणपतीच्या वाहनाची सेवा करते विलायतेत." चेष्टेने सांगते, पण सगळ्यांना फोटोही दाखवते. मीही दाखवले, दवाखान्यात जाऊन.

रविवारी दादा येतोय. इथले बारा म्हणजे तुझे सकाळचे साडेसात. तेव्हा फोन कर. त्याच्याकडे द्यायचा की नाही ते आधी मेसेजमध्ये कळव, म्हणजे तो समोर असताना माझी पंचाईत नको.

तुझे,
अण्णा