त्या व्हायोलिनबद्दल

प्रिय समीक्षकमहोदय,

(टोमणा आहेच, पण प्रेमाने घे.)

फोन सोडून हे पत्र कुठून काढलं म्हणशील. तर फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला तोडतोस आणि मग आपण गेली १२ वर्षं जिथे पोचतोय तिथेच परत पोचतो, म्हणून म्हटलं लिहूनच काढू. सलग वाच. मध्येच मेसेज टाकून "पण तू तर म्हणाला होतास" सुरू करू नकोस, कारण मी काय म्हणालो होतो हाच तर सगळा विषय आहे.

परवा रात्री झोप येईना म्हणून मी तो पिक्चर परत बघितला. तोच. ज्याच्यावरून आपण एकदा रात्री अडीचपर्यंत जिन्यात उभं राहून भांडलो होतो आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी दार उघडून, एक शब्द न बोलता, नुसतं आपल्याकडे बघून दार लावून घेतलं होतं. खरं सांगतो, तुला चुकीचं ठरवायलाच लावला होता. वही-पेन घेऊन बसलो नव्हतो पण मनात यादी तयार होती, आणि यादीत पहिल्या नंबरला काय असणार ते तुला पाठ आहे. क्लायमॅक्स. "शेवटी तो बाप ढसाढसा रडतो आणि मागे व्हायोलिन, अरे काय तो मेलोड्रामा!" हे वाक्य मी ऑफिसात, ट्रेनमध्ये, ओळख नसलेल्या लोकांनासुद्धा ऐकवलंय, आणि हातवारे करून, व्हायोलिन वाजवून दाखवत.

तर ऐक. बाप रडत नाही.

मुलगा निघून जातो, दाराचा आवाज येतो आणि बाप स्वयंपाकघरात आपल्याकडे पाठ करून उभा राहतो. सिंकचा नळ टपटपत असतो. तो नळ घट्ट पिळतो, टपटप थांबत नाही, परत पिळतो, मग हात तसाच नळावर ठेवून उभा. बास, एवढंच. चेहरा दिसतच नाही. आणि व्हायोलिन? नाहीये रे. संगीतच नाहीये तिथे, नळाचं पाणी आहे आणि लांब कुठेतरी गाडी गेल्याचा आवाज आहे. मी तो शॉट सात वेळा मागे नेऊन बघितला. आधी वाटलं ही वेगळी कॉपी असेल, काहीतरी कापलं असेल, मग एकूण लांबी तपासली तर मिनिटाचाही फरक नाही.

म्हणजे १२ वर्षं मी नसलेल्या व्हायोलिनला शिव्या घालतोय!

रात्री दीड वाजता माणूस अशा वेळी काय करतो, तर आपल्यासारखे अजून कोण आहेत ते शोधतो. आणि आहेत, भरपूर आहेत. 'शोले' घे. कोणालाही गब्बरची नक्कल करायला सांग, दहातले आठ जण "अरे ओ सांबा, कितने आदमी थे" म्हणतील. पिक्चरमध्ये असं वाक्य नाही. माणसं किती होती हे गब्बर कालियाला आणि त्याच्या दोन साथीदारांना विचारतो, सांबाला विचारतो ते सरकारने आपल्यावर इनाम किती ठेवलंय ते. दोन वेगळे प्रश्न, लोकांनी चिकटवून एक केले आणि आता तेच खरं वाटतं. किंवा तो १९७४ चा 'टेक्सस चेन सॉ मॅसकर', रक्ताचा पूर आहे म्हणून ज्याला लोक घाबरतात, त्यात प्रत्यक्ष पडद्यावर रक्त फारच कमी दिसतं, दिग्दर्शक टोबी हूपरला तर आशा होती की सौम्य सर्टिफिकेट मिळेल. उरलेलं रक्त प्रेक्षकांनी आपापल्या डोक्यात ओतलं.

आणि तो कुलेशॉव, ज्याच्यावरून तू मला एकदा पाऊण तास पिडलं होतंस. तेव्हा मी फक्त हं हं करत होतो, आता कळलं. शंभरएक वर्षांपूर्वी रशियात त्या दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉवने एका नटाचा कोरा चेहरा घेतला आणि तोच शॉट तीन वेगवेगळ्या शॉट्सना जोडला, एकदा सुपाचा बाऊल, एकदा शवपेटीतलं मूल, एकदा पहुडलेली बाई. आणि म्हणतात की बघणारे त्या नटाच्या अभिनयावर फिदा झाले, काय भूक दाखवलीये, काय दुःख दाखवलंय. चेहरा एकच! त्या बिचाऱ्याने काहीच दाखवलेलं नव्हतं. आपल्या पिक्चरमधल्या बापाचं तर मी त्याहून पुढचं केलं, चेहराच नाही तरी त्याला रडवलं.

आता तू खूश होऊन खुर्चीत मागे रेलला असशील, तर थांब, तुझंही निघणार आहे. तुझा तो टक्क्यांचा स्क्रीनशॉट. भांडण सुरू झालं की तू "रॉटन टोमॅटोजवर ९३ आहे, आता बोल" असं पाठवून मोकळा होतोस, जणू पिक्चरला शंभरपैकी ९३ मार्क पडले. तसं नसतं ते, ती साइट नुसती समीक्षकांची परीक्षणं गोळा करते. ९३ म्हणजे शंभरातल्या ९३ समीक्षकांचा सूर एकंदरीत बरा होता, एवढंच. उद्या शंभरच्या शंभर जणांनी "ठीकठाक, बघायला हरकत नाही" लिहिलं तर त्या पिक्चरला शंभर टक्के पडतील. आणि एखादा भन्नाट, वेडा, अर्ध्या लोकांना डोक्यावर घ्यावासा आणि अर्ध्यांना फेकून द्यावासा वाटणारा पिक्चर पन्नासवर लटकून राहील, साठच्या खाली म्हणून सडक्या टोमॅटोत. मला तर पन्नासवालाच आधी बघावासा वाटतो. असो, हे मी तुला आधीही सांगितलंय.

पण आकडे सोड, मला जास्त मजा लोकांच्या पहिल्या मताची वाटते. 'शोले'च परत, कारण त्यासारखं उदाहरण नाही. १९७५ च्या ऑगस्टमध्ये लागला तेव्हा परीक्षणं वाईट होती, पहिले काही दिवस थिएटरात लोक गप्प बसून बघत होते आणि बनवणारे इतके घाबरले की शेवट बदलून जयला जिवंत ठेवावं का याच्यावर खल झाला. मग ठरलं, थोडं थांबून बघू. थांबले म्हणून बरं, नाहीतर पहिल्या आठवड्याचं ऐकून जय आज जिवंत असता आणि पिक्चर मेला असता. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चालला तो. आणि गप्प बसलेले लोक कंटाळले नव्हते, गुंगले होते असं नंतर म्हणायला लागले. गप्प बसलेल्या माणसाकडे बघून काय कळणार रे, तो आवडलं म्हणून गप्प आहे की झोपलाय म्हणून?

'शॉशँक रिडेम्प्शन'चंही तेच, १९९४ ला थिएटरात खर्चसुद्धा वसूल झाला नाही, सात ऑस्कर नॉमिनेशन आणि हातात शून्य. मग व्हिडिओ कॅसेटवर आणि नंतर टीव्हीवर सारखा सारखा लागत राहिला, लोक चॅनल बदलता बदलता मध्येच अडकायचे आणि तिथेच बसायचे, आणि आता आयएमडीबी या साइटवरच्या प्रेक्षकांच्या आवडीच्या यादीत वर्षानुवर्षं एक नंबर. पिक्चर तोच, एक फ्रेम बदललेली नाही. हा मुद्दा तू जिन्यात मांडला असतास तर मी कदाचित गप्प बसलो असतो, पण तू "तुला कळलाच नाही" यावर अडून बसलास. ते वाक्य फार लागतं माहितीये? पिक्चर न आवडणं ही माणसाची चॉइस असते, पण न कळणं म्हणजे थेट बुद्धीवर.

आणि एक कबुली. तो काळा-पांढरा, तीन तासांचा, ज्यात एक माणूस नुसता चालतो, ज्याला मी "मास्टरपीस" म्हणालो होतो. त्यात मी झोपलो होतो. मधला एक तास मला अजिबात माहीत नाही. तुमचा ग्रुप बघत होता म्हणून म्हणालो. मी एकटाच असा नाही, नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये पाच स्टारची भानगड काढून टाकून नुसता अंगठा ठेवला तेव्हा त्यांचंही हेच म्हणणं होतं की लोक स्टार देतात गंभीर डॉक्युमेंटरीला आणि प्रत्यक्षात बघतात भलतंच काहीतरी. म्हणजे आपल्याकडे दोन मतं असतात, एक सांगायचं आणि एक बघायचं. मी सांगायचं मत दाखवायला बाहेर ठेवतो आणि ती सासू-सुनांची सीरियल कानात हेडफोन घालून बघतो. कुणाला बोललास तर याद राख.

मूळ गोष्टीवर येतो. व्हायोलिन आलं कुठून?

दोन दिवस डोक्यात हेच. कारण माझ्या आठवणीत ते आहे रे, आवाज आहे, हुंदके आहेत, मला ते आत्ताही ऐकू येतात. मग काल दात घासताना, अगदी ब्रश तोंडात असताना, लख्ख आठवलं. व्हायोलिन श्रेयनामावलीचं आहे. शॉट संपतो, काळा पडदा येतो, नावं वर सरकायला लागतात आणि तेव्हा ते सुरू होतं. आणि हुंदके पडद्यावरचे नाहीतच. ढसाढसा रडत होता तो बाप नव्हता, तू होतास.

माझ्या डाव्या बाजूला. हातातला रिकामा ग्लास चुरगाळत. दिवे लागले, लोक उठून आपल्या गुडघ्यांवरून जायला लागले, सफाईवाला झाडू घेऊन रांगेच्या टोकाला येऊन थांबला आणि तू उठेचना. तुझे बाबा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. ते मला माहीत होतं, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात ते आलं नाही, किंवा आलं आणि मला काय करावं सुचलं नाही. खांद्यावर हात ठेवायचा असतो हे आता ठरवून लिहितोय, तेव्हा मी मोबाइल काढून उगाच बघत बसलो. आणि बाहेर आल्यावर जिना उतरताना काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हणालो, "काय ते व्हायोलिन, अति केलंय राव." तू काहीच बोलला नाहीस. मला वाटलं पटलं तुला.

मग पुढच्या वेळी विषय निघाला तेव्हा तू पिक्चरची बाजू घेतलीस, मी माझं वाक्य परत म्हटलं, जरा वाढवून म्हटलं, आणि त्यानंतर मागे कसं फिरणार? दर वेळी व्हायोलिन थोडं मोठं होत गेलं. लोक 'गेम ऑफ थ्रोन्स'चे ७३ भाग बघतात आणि शेवटचे पाच-सहा पटले नाहीत म्हणून पूर्ण सीरियलच भंगार म्हणतात, शेवटचा सीझन नव्याने काढा म्हणून दहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या, तेव्हा मी हसलो होतो की अरे आठ वर्षं मजेत बघितलंत ते काय. मी तर अख्खा पिक्चर जिन्यातल्या एका वाक्यावर निकालात काढला.

हे वाचून आता हळवा होऊन फोन करू नकोस. पिक्चर महान आहे वगैरे मी म्हणालेलो नाही. इंटरव्हलनंतरची वीस मिनिटं अजूनही लांबलेली आहेत, त्या बहिणीचं ट्रॅक मध्येच हवेत सोडून दिलंय, आणि पावसातला तो सीन, जो तुला काव्यमय वाटतो, त्यात मागच्या रस्त्यावर स्वच्छ ऊन पडलंय, बघ एकदा नीट. क्लायमॅक्स मात्र मान्य. नळाचा तो शॉट मी आता कुणाला सांगायचा झाला तर हात हवेत नळावर ठेवून दाखवतो आणि गप्प बसतो, समोरचा विचारतो मग पुढे काय, मी म्हणतो काही नाही.

पुढच्या महिन्यात येतोयस ना, तेव्हा एकत्र बघू, माझ्याकडे डाउनलोड करून ठेवलाय. आवाज मोठा लावू, नळाचं पाणी लॅपटॉपवर नीट ऐकू येत नाही. आणि श्रेयनामावली पूर्ण होईपर्यंत मी उठणार नाही, तूही उठू नकोस, सफाईवाला नाहीये घरी.

हां, एक राहिलंच. तू नेहमी सांगतोस ना, मुलगा जातो तेव्हा तो म्हातारा काळा कुत्रा फाटकापर्यंत त्याच्या मागे जातो आणि मग थांबतो, आणि तिथे तुझा बांध फुटतो. मी तो सीन पॉज करून करून बघितला. फाटक आहे. सायकल आहे, तारेवर एक शर्ट वाळत घातलाय.

कुत्रा नाहीये.

तुझाच,
उजवीकडच्या खुर्चीतला